ईसीजी नॉर्मल आला, त्यानंतरचं काय? : आमच्या तालुक्यांतल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर,

स.न.

खरं तर हे पत्र मी एकाच डॉक्टरांना लिहायला बसलो होतो. पहिलं पान झालं आणि लक्षात आलं की यातलं बरंचसं गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा, सांगे, काणकोण अशा कुठल्याही तालुक्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना लागू आहे. म्हणून ते तुम्हां सर्वांच्या नावे पाठवतो आहे. तक्रार म्हणून वाचू नका. घरातल्या तीन पिढ्यांची नाडी ज्यांनी पाहिली, त्यांच्याशी तक्रारीच्या सुरात बोलणं मला जमणारही नाही.

मी 46 वर्षांचा, राहायला मये, नोकरी पणजीला. चोडणमार्गे जाऊन फेरीबोटीने रायबंदरला उतरायचं आणि तिथून पणजी गाठायची, हा माझा कित्येक वर्षांचा रोजचा रस्ता. ऑगस्ट 2022 मधल्या एका सकाळी बोट धक्क्यावरून सुटली, पुढचा लोखंडी रॅम्प साखळीवर खडखडत वर उचलला गेला, आणि त्याच क्षणी माझ्या छातीत काहीतरी उसळलं. ठोके कानात ऐकू यायला लागले. हाताची बोटं बधिर झाली. श्वास घेतोय पण आत काहीच जात नाही, असं वाटायला लागलं. दोन्ही बाजूंना खारफुटी, खाली मांडवीचं गढूळ पाणी, आणि मनात एकच गोष्ट : मी इथेच मरणार, बोट मध्येच असणार, आणि मला कोणी उतरवू शकणार नाही. जेमतेम पाच-सात मिनिटांचं ते पाणी. त्या दिवशी ते संपता संपेना. रायबंदरला उतरल्यावर स्कूटर भिंतीला लावून मी रस्त्याच्या कडेलाच बसलो. एका मासेवालीने पाण्याची बाटली हातात दिली आणि तोंडावर रंग येईपर्यंत ती माझ्याजवळून हलली नाही.

संध्याकाळी मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आपुलकीने तपासलं. बीपी पाहिलं, ईसीजी काढला, कागद उजेडात धरून नीट वाचला आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. काही नाही. गॅस असेल. टेन्शन घेऊ नका."

डॉक्टर, "काही नाही" या दोन शब्दांबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

तुम्ही ते धीर देण्यासाठी म्हणता, हे मला ठाऊक आहे. हृदयाला काही नाही, एवढाच तुमचा अर्थ. पण पेशंटच्या कानावर पडतं ते वेगळं. सकाळी ज्याने मरण पाहिलं त्याला संध्याकाळी कोणी सांगितलं की काहीच झालं नव्हतं, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर डॉक्टरांच्या हातून काही निसटलं आहे, किंवा मीच ढोंगी आहे, भित्रा आहे. मी आधी पहिली वाट धरली. पुढच्या काही महिन्यांत तीन वेळा रात्री-अपरात्री इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत गेलो, टू-डी एको झाला, पट्ट्यावर चालवून ताणाची तपासणी झाली. प्रत्येक रिपोर्ट चांगला आला की आठ दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. शेवटी मी दुसऱ्या वाटेला लागलो, आणि ती जास्त वाईट होती. कारण मग मी सांगणंच बंद केलं.

फेरीबोटीने जाणं सुटलं ते तेव्हाच. डिचोली, अस्नोडा, म्हापसा, पर्वरी असा जवळजवळ दुप्पट अंतराचा वळसा घालून मी पणजी गाठायला लागलो. मांडवीचा पूल तिथेही होताच, पण पुलावर गाडी बाजूला घेता येते, पायी परतता येतं, अशी मनाची समजूत घालायचो. नंतर पूलही नकोसा झाला. गर्दीची कदंब बस नको, थिएटर नको, लग्नात पंगतीच्या मधल्या पाटावर बसणं नको, दाराजवळची जागा हवी. 2023 च्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, ज्या वाड्यावर मी लहानपणापासून घुमट वाजवत आलो, तिथल्या आरत्यांना मी गेलो नाही. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली, दहा माणसं दाटीवाटीने बसतात, घुमट आणि शामेळ या वाद्यांच्या नादात आपल्याला काही झालं तर ते कोणाला कळणारही नाही, अशी भीती होती. शेजारच्या घरातून आरती ऐकू येत होती आणि मी स्वयंपाकघरात उभा राहून हातांनी ओट्यावर ताल धरला होता. बायकोने ते पाहिलं. ती काही बोलली नाही, पण त्या रात्री ती रडली हे मला माहीत आहे.

आईने देवळात प्रसाद लावून देवाचा कौल घेतला, दिष्ट काढली. त्यात मला काही गैर वाटत नाही. आपल्या पोराला काहीतरी होतंय, हे तिने कुठलाही रिपोर्ट न बघता खरं मानलं होतं. मला त्या दिवसांत तेवढाच आधार होता.

आमच्या डॉक्टरांनी दरम्यान रात्रीची एक छोटी गोळी सुरू केली होती. ती घेतली की अर्ध्या तासात छाती मोकळी व्हायची. पंधरा दिवसांसाठी दिली होती, आणि मी ती दीड वर्ष घेतली. चिठ्ठी जुनी झाली तरी फार्मसीवाला ओळखीचा होता. हळूहळू एकीच्या दोन झाल्या. खिशात पट्टी नसेल तर घराबाहेर पाऊल पडेना. या गटातल्या गोळ्या थोड्या आठवड्यांपुरत्याच द्यायच्या असतात, शरीराला त्यांची सवय लागते आणि त्या एकदम बंद केल्या तर त्रास उलटून वाढतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्यासारखे तुमच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर आजही बसलेले असतील.

वाट सापडली ती कॅज्युअल्टीतल्या एका रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरमुळे. त्याने ईसीजी बाजूला ठेवला, स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "तुम्हांला जे होतं ते खरं आहे. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. हृदय चांगलं आहे, पण आजार आहे, आणि त्याला उपचार आहे." मग त्याने मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी लिहिली. फार तर दोन मिनिटं लागली असतील. मी आयुष्यभर त्याचा ऋणी राहीन.

तरीही ती चिठ्ठी चार महिने माझ्या स्कूटरच्या डिकीत पडून होती. आपल्याकडे "बांबोळीला नेला" या शब्दांना काय वास येतो ते तुम्ही जाणता. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजजवळच्या मानसोपचार संस्थेचं नाव घरात काढलं तरी थोरली माणसं आवाज खाली आणतात. मला भीती होती की कोणीतरी ओळखीचं तिथल्या ओपीडीत दिसेल आणि मुलीच्या शाळेपर्यंत गोष्ट जाईल. अखेर मी गेलो, आणि रांगेत खरंच एक ओळखीचा दिसला. आमच्याच भागातला, माझ्याहून वयाने मोठा. त्याने मान हलवली, मी हलवली. नंतर आम्ही एकत्र चहा घेतला.

तिथून पुढे काय झालं ते मी जरा सविस्तर लिहितो. कारण थेरपीत नेमकं काय करतात हे पेशंटला माहीत नसतं, आणि क्षमस्व, पण माझा अंदाज आहे की तुमच्यातल्या अनेकांनाही ते जवळून बघायची संधी मिळालेली नाही. "समुपदेशन म्हणजे गोड बोलून समजूत काढणं" असं मी एका डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलं आहे.

मानसोपचारतज्ज्ञांनी रोजची एक गोळी दिली. तिचा परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात आणि ती आधीच्या गोळीसारखी लत लावणारी नाही, हे नीट समजावलं. जुनी गोळी महिन्या-महिन्याने पाव-पाव करून कमी केली. आणि मला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. आठवड्याला एक सत्र, पाऊण ते एक तासाचं, एकूण चौदा सत्रं.

पहिल्या दिवशी मॅडमनी पाटीसारख्या पांढऱ्या फळ्यावर एक वर्तुळ काढलं. वर लिहिलं "धडधड". तिथून बाण : "हार्ट अटॅक येतोय". पुढचा बाण : "भीती". पुढे : "अड्रेनलिन", म्हणजे भीतीच्या वेळी शरीरात सुटणारं रसायन. आणि तिथून बाण परत "धडधड" वर. त्या म्हणाल्या, "शरीर तुम्हांला वाघापासून पळायला तयार करतं आहे. वाघ नाही, म्हणून तुम्ही शरीरालाच वाघ समजता." मी त्या वर्तुळाकडे किती वेळ बघत बसलो असेन. दीड वर्ष ज्या गोष्टीला मी मरण समजत होतो ती चार बाणांत फळ्यावर मावली होती.

चौथ्या सत्रात त्यांनी शीतपेयाची एक बारीक नळी माझ्या हातात दिली. नाक चिमटीत धरायचं आणि एक मिनिट फक्त नळीतून श्वास घ्यायचा. पंचवीस-तीस सेकंदांत फेरीबोटीवरचं सगळं हजर झालं : घुसमट, बोटांच्या मुंग्या, डोकं हलकं. मी नळी फेकून देणार होतो. त्यांनी घड्याळ समोर धरून ठेवलं होतं, ओरडल्या नाहीत, सोडवलंही नाही. मिनिट संपलं. मी मेलो नाही. दोन मिनिटांत श्वास जागेवर आला. "आता सांगा," त्या म्हणाल्या, "हे कोणी आणलं?" मी आणलं होतं, नळीने. आणि जे मी आणू शकतो ते मी ओलांडूही शकतो, हे माझ्या शरीराला त्या खोलीत पहिल्यांदा पटलं. पुढे जिने धावत चढणं झालं, खुर्चीत गरगर फिरणं झालं. दर वेळी भीतीला शून्य ते दहा यांतला आकडा द्यायचा आणि तो वहीत लिहायचा. अशा झटक्याची लाट साधारण दहा मिनिटांत माथ्यावर जाते आणि उतरते, हे मी आधी ऐकलं असतं तर विश्वास बसला नसता. स्वतःच्या अक्षरात वहीत वाचलं तेव्हा बसला.

मग फेरीबोट. आधी नुसतं धक्क्यावर जाऊन उभं राहायचं, बोटीत चढायचं नाही. आकडा सात. तिथेच थांबायचं, तो चारवर उतरेपर्यंत. मग उतरत्या उन्हात, गर्दी नसताना, बायकोला बरोबर घेऊन एक फेरी. मग एकट्याने. मग खिशात गोळ्यांची पट्टी न ठेवता. पाण्याची बाटलीही नको, कारण ज्या वस्तूंच्या आधाराने मी बाहेर पडत होतो त्याच मला सांगत होत्या की धोका आहे. पायी जाणाऱ्याला फेरीला तिकीट नाही. मार्च 2024 मधल्या एका रविवारी मी चोडण-रायबंदर-चोडण अशा लागोपाठ सहा फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीला रॅम्प उचलल्याचा खडखडाट झाला आणि माझे गुडघे गेले. आकडा नऊ. पाचव्या फेरीला मी खारफुटीतला एक बगळा बघत होतो आणि आकडा बघायचं विसरून गेलो होतो. बोटीवरच्या खलाशाने विचारलं, "काय हो, कोणाची वाट बघताय काय?"

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. या मॅडमच्या आधी मी एका खासगी समुपदेशकाकडे दोनदा गेलो होतो. माणूस चांगला असेल, पण सगळं इंग्रजीत. मला ऑफिसची पत्रं इंग्रजीत लिहिता येतात. "काळजात कालवाकालव होते", "जीव वर-खाली होतो", "अंग गळून जातं" हे मला इंग्रजीत सांगता येत नाही, आणि जे सांगता येतं ते माझं दुखणं नसतं. मॅडमकडे मी मराठीत सुरू करायचो, मध्येच घरच्यासारखा कोंकणीवर जायचो, "भिरांत दिसता" (भीती वाटते) म्हणायचो, आणि त्या तेच शब्द फळ्यावर लिहायच्या. पेशंटला कुठे पाठवायचं हे ठरवताना एवढं जरूर बघा की समोरचा माणूस त्याच्या भाषेत ऐकणारा आहे का. आणि नोंदणीही बघा. समुपदेशकाची पाटी कोणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंद असते, ती विचारायला पेशंट कचरतो, तुम्ही कचरू नका.

आता तुम्ही म्हणाल, खेड्यात असे तज्ज्ञ आणायचे कुठून. प्रश्न रास्त आहे. पण याचं एक उत्तर जगाला गोव्यानेच दिलेलं आहे. 1996 मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेने 'मानस' नावाचा अभ्यास केला. नैराश्य आणि चिंतेचे आजार असलेल्यांसाठी गोव्यातली 12 सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि 12 खासगी डॉक्टरांचे दवाखाने घेतले. निम्म्या ठिकाणी गोव्यातल्याच, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या पदवीधर बायकांना दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन पेशंटशी बोलायला बसवलं. मागे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ होतेच. 2010 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते निष्कर्ष छापले. सरकारी केंद्रांत अशी समुपदेशक होती तिथे सहा महिन्यांनी शंभरातले साधारण 66 जण बरे झाले होते, नव्हती तिथे साधारण 42.

पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते, आणि ती तुमच्याबद्दल आहे. खासगी दवाखान्यांत दोन्ही बाजूंमध्ये तसा फरक दिसलाच नाही. मी त्याचा अर्थ असा घेतो : तिथे पेशंट दर वेळी त्याच डॉक्टरांकडे येतो, ते त्याला नावाने ओळखतात, त्याचं घर ओळखतात, आणि या ओळखीत आधीच काही औषध असतं. म्हणजे तुमच्या शब्दाला वजन आहे. तुम्ही "आजार आहे, उपचार आहे" म्हणालात तर ते लागू पडेल. "काही नाही" म्हणालात तर तेही तितकंच लागू पडतं.

म्हणून माझी विनंती साधी आहे. थायरॉइड, रक्तातलं लोह, हृदयाची लय, हे सगळं आधी जरूर तपासा. चिंतेसारखी लक्षणं त्यांच्यामुळेही येतात. पण सगळं ठीक आलं की तिथे थांबू नका. खुर्ची थोडी पुढे ओढा आणि विचारा : गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ, बेचैन किती दिवस वाटलं? काळजी थांबवता येत नाही असं किती दिवस झालं? जगभर चिंतेच्या आजारासाठी जी सात प्रश्नांची यादी वापरतात, तिच्यातले हे पहिले दोन. मी ते माझ्या भाषेत लिहिले आहेत. एक मिनिट पुरतं. उत्तर "जवळजवळ रोज" असं आलं तर आजाराचं नाव घ्या, मोठ्याने घ्या, बरोबरच्या नातेवाइकालाही ऐकू द्या. आणि हृदयरोगतज्ज्ञासाठी जशी चिठ्ठी लिहिता तशीच लिहा, त्याच लेटरहेडवर, त्याच अक्षरात. आमच्या भागात माणूस तुमच्या चिठ्ठीसाठी बांबोळीची पायरी चढेल. नुसत्या सल्ल्यासाठी चढणार नाही.

चिठ्ठी डिकीत पडू नये म्हणून पुढच्या भेटीत विचारा, "गेला होतास का?" मला हे कोणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर चार महिने वाचले असते.

रात्रीची गोळी लिहिताना ती किती दिवसांची आणि का, ते सांगा. आणि भिंतीवर जिथे साखर आणि बीपीचे तक्ते आहेत, तिथे 14416 हा आकडा लावा. केंद्र सरकारची ही टेलि-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट. ज्याला बांबोळीचं नाव नको, तो निदान घरच्या परसात उभा राहून फोन तरी करील.

नोकरीमुळे मी रोज पणजीत जुन्या सचिवालयाशेजारच्या आबे फारियांच्या पुतळ्यावरून जातो. कांदोळीत 1756 मध्ये जन्मलेला हा माणूस पुढे पॅरिसला जाऊन संमोहनाच्या अभ्यासात जगाच्या पुढे चालला. भारून टाकणाऱ्याच्या हातात कसलीही जादू नसते, जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात, असं त्याचं म्हणणं. त्याच्याबद्दलची एक गोष्ट गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि ती बडी मंडळी बघून त्याची वाचा गेली. तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा मागून बापाने हळूच कोंकणीत सांगितलं म्हणे, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." आणि तो बोलला. लहानपणी शाळेत ही गोष्ट ऐकली तेव्हा ती मला धिटाईची वाटली होती. आता त्या पुतळ्यासमोरून जाताना मला बाप आठवतो. मुलाला काय होतंय हे त्याला मागे उभं राहून कळलं होतं, आणि त्याने त्याच्या भाषेत, त्याला पेलेल एवढंच सांगितलं.

आमचे डॉक्टर हे पत्र वाचतील तेव्हा त्यांना कळेल की हे कोणी लिहिलं. डॉक्टर, मी रागावलेलो नाही. येत्या सोमवारी संध्याकाळी मी दवाखान्यात येतो आहे, शेवटचा नंबर घेईन म्हणजे घाई नको. ती आकड्यांची वही आणि मॅडमनी काढलेल्या वर्तुळाचा कागद बरोबर आणतो. तुम्हांला हवा असेल तर तो तुमच्याकडेच ठेवा, बाकावर बसलेल्या दुसऱ्या कोणाला दाखवायला उपयोगी पडेल.

आपला,
तुमचा एक जुना पेशंट
मये, डिचोली